घाटातले पहिले काही सेकंद

१. लोक पळत का नाहीत?

भुशी धरणामागच्या धबधब्याचा तो व्हिडिओ महाराष्ट्रात असंख्य मोबाइलवर फिरला. ३० जून २०२४, रविवारची दुपार. पुण्याच्या हडपसर भागातून लोणावळ्याला सहलीला आलेलं एक कुटुंब प्रवाहाच्या मध्यावर एका खडकावर उभं आहे. पाणी चहूबाजूंनी चढतंय आणि लहानथोर सगळे एकमेकांना घट्ट बिलगून आहेत. बघता बघता लोंढ्याने सगळ्यांचे पाय सुटले. काहीजण कसेबसे काठाला लागले. एक महिला आणि चार मुलं मात्र गेली.

व्हिडिओ पाहणाऱ्या प्रत्येकाने तेच विचारलं. पाणी वाढताना दिसत नव्हतं का? आधीच बाहेर का नाही आले?

हा प्रश्न एकट्या लोणावळ्याचा नाही. पोलादपूर आणि खेडच्या मधला कशेडी घाट दर पावसाळ्यात हेच विचारायला लावतो. गणपतीला गावी निघालेले चाकरमानी, सुट्टीत गुहागर-दापोलीला निघालेली कुटुंबं, मागच्या सीटवर पेंगणारी मुलं आणि मांडीवर डबा घेऊन बसलेली आजी, सगळ्यांची वाट मुंबई-गोवा महामार्गाने याच डोंगरातून जाते. भोगाव हद्दीत पावसाळ्यात रस्ता खचतो, वळणांवर दरडी येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीच्या तोंडावर सुमारे दोन किलोमीटरच्या कशेडी बोगद्याची एक मार्गिका हलक्या वाहनांसाठी उघडली आणि घाटातली बरीच वळणं वाचली. तरी अपघाताची बातमी आली की घरोघर चर्चा तीच होते. वरून दगड येताना दिसले, तर गाडी मागे का नाही घेतली? धूर दिसला, तर उतरून पळाले का नाहीत?

या प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत आहे. धोका दिसला की माणूस आपोआप पळतो, ओरडतो, वाट फुटेल तिकडे धावतो, असं आपण धरून चालतो. सिनेमाने ती समजूत पक्की केली आहे. प्रत्यक्ष आपत्तींचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं ते निराळंच. सैरावैरा धावणारे थोडे असतात. बहुतेक माणसं थबकतात. आणि सोबत घरची माणसं असली, तर तीच व्यक्ती एकटी असताना वागली असती त्याहून फार वेगळी वागते. असं का होतं, ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

२. आधी शरीर, मग विचार

कोकणात भातशेतीला रानडुकरांचा त्रास असतो, म्हणून रात्री राखणीला माणूस बसतो. झाडोऱ्यात खसफस झाली की तो आधी डबा वाजवतो आणि आरोळी ठोकतो. डुक्कर होतं की वारा, हे बॅटरी मारून नंतर बघतो. आधी बघून मग डबा वाजवायचा म्हटलं, तर तोवर शेत गेलेलं असतं.

मेंदूतही असा एक राखणदार आहे. कानाच्या आतल्या अंगाला, बदामाच्या आकाराचा, अमिग्डला नावाचा छोटा भाग. डोळ्यांनी आणि कानांनी टिपलेली माहिती मेंदूच्या विचार करणाऱ्या भागाकडे सविस्तर जाते, पण तिची एक कच्ची प्रत आडवाटेने अमिग्डलाकडे लवकर पोचते. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लडू यांनी ही आडवाट दाखवून दिली. म्हणून दोरीला साप समजून पाय आधी मागे येतो आणि ‘अरे, दोरीच आहे’ हे नंतर कळतं.

राखणदाराने इशारा दिला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन सुटतं. काळीज धडधडतं, श्वास वाढतो, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या आपल्या पुस्तकात याचं वर्णन केलं आणि ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना रूढ झाली.

त्यात एक तिसरी गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे जागीच गोठणं. ससा, हरीण, पाल, सगळे हे करतात. हलणारं भक्ष्य शिकाऱ्याच्या नजरेत लवकर भरतं, तेव्हा क्षणभर निश्चल राहणं जंगलात फायद्याचं असतं. पण वाढत्या पाण्याला आणि सुटलेल्या दरडीला नजर नसते. तिथे गोठून उभं राहण्याने काहीच हाती लागत नाही.

शरीराच्या या तयारीची किंमतही आहे. नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते आणि बाजूचं दिसेनासं होतं. कान असून ऐकू येत नाही. काठावरचे लोक जीव तोडून ओरडत असतात, पण पाण्यातल्या माणसापर्यंत ते पोचतच नाही. बोटं थरथरतात. रोज न बघता लावतो-काढतो तो सीटबेल्ट नेमका त्या वेळी निघत नाही.

३. अडीच सेकंदांचा हिशोब

आता कशेडीच्या जुन्या घाटात उतरू. समजा, जुलैतली दुपार आहे, एक कुटुंब खेडहून पोलादपूरकडे निघालं आहे. पाऊस बारीक, काचेवर वाफ, गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर. वळण घेतल्यावर समोर रस्त्यावर लाल माती आणि दोन-तीन दगड दिसतात.

चालकाला ते दिसणं, ते काय आहे हे उमगणं, थांबायचं ठरवणं आणि पाय ब्रेकवर पडणं, या चार गोष्टींना वेळ लागतो. भारतात रस्ते आखताना इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार हा वेळ अडीच सेकंद धरतात.

ताशी ४० म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. अडीच सेकंदांत गाडी जवळपास २८ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. त्यापुढे ब्रेक लागून गाडी उभी राहीपर्यंतचं अंतर मिळवलं की हिशोब ४५ मीटरच्या आसपास जातो. वेग ६० असेल तर हाच आकडा ८० मीटरवर जातो. वेग दीडपट झाला, पण थांबण्याचं अंतर जवळजवळ पावणेदोन पट झालं. आणि हे सपाट रस्त्याचं गणित झालं. उतारावर ते आणखी वाढतं. कशेडीच्या कित्येक वळणांवर समोरचा एवढा रस्ता दिसतच नाही.

हा सगळा हिशोब जाग्या आणि सावध चालकाचा आहे. मागे मुलांचं भांडण चालू असेल, शेजारचा मोबाइलवरचा फोटो दाखवत असेल, तर अडीचाचे चार सेकंद व्हायला काही लागत नाही.

४. ओळखीचं नसलं की मेंदू अडतो

ब्रेक मारणं ही सवयीची हालचाल आहे, म्हणून ती अडीच सेकंदांत जमते. पण जे आयुष्यात कधीच केलेलं नाही, ते करायची वेळ आली तर?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन लीच यांनी जहाजं, विमानं आणि आगींच्या दुर्घटनांमधल्या लोकांचं वागणं अभ्यासलं. त्यांच्या मांडणीनुसार संकटात साधारण १० ते १५ टक्के माणसं डोकं शांत ठेवून योग्य ते करतात. तितकीच माणसं भलतंच काहीतरी करतात, किंचाळतात, आडवी येतात. उरलेली तीन-चतुर्थांश सुन्न होतात. ती सांगितलं तर ऐकतात, ढकललं तर चालतात, पण आपणहून हलत नाहीत.

लीच यांचं स्पष्टीकरण साधं आहे. अशा वेळी मेंदू आठवणीत तयार उत्तर शोधतो. सापडलं तर हातपाय चटकन हलतात. नाही सापडलं तर नवं उत्तर रचावं लागतं, आणि ते शांतपणे बसूनही काही सेकंद घेतं. जीव धोक्यात असताना ते रचलंच जात नाही. माणूस जागच्या जागी राहतो. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही.

२२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टर विमानतळावर सुट्टीला निघालेल्या प्रवाशांचं एक विमान उड्डाणाआधीच धावपट्टीवर पेटलं. १३७ पैकी ५५ जण दगावले, त्यातले बहुतेक धुराने. काही प्रवासी आपापल्या जागेवरच बसून राहिले होते.

बोगद्यातलं उदाहरण कशेडीकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे. २४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स आणि इटलीच्या मधल्या माँ ब्लाँ बोगद्यात एका मालट्रकला आग लागली आणि ३९ माणसं मेली. त्यातली बहुतेक आपल्या गाड्यांमध्ये किंवा गाड्यांच्या आसपास सापडली. गाडी ही ओळखीची जागा. काचा वर, दारं बंद, सामान जवळ. ती सोडून धुरातून चालत जायचं, हे उत्तर बहुतेकांच्या आठवणीत नव्हतंच.

५. बाकीचे उभे आहेत, म्हणजे ठीकच असेल

धबधब्याखाली पन्नास माणसं भिजत असतात. पाणी जरा गढूळ होतं, आवाज जड होतो, वरून पाला आणि काटक्या यायला लागतात. वरच्या डोंगरात जोराचा पाऊस झाल्याच्या या खुणा आहेत. एखाद्याला शंका येते. तो आजूबाजूला पाहतो. सगळे हसताहेत, फोटो काढताहेत. तो गप्प बसतो. इतर लोक त्याच्याकडे पाहतात, तर तोही गप्पच.

याचा एक गाजलेला प्रयोग आहे. १९६८ मध्ये बिब लटाने आणि जॉन डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. एकटा बसलेला माणूस ७५ टक्के वेळा उठून कुणाला तरी सांगायला गेला. शेजारी दोन माणसं मुद्दाम निर्विकार बसवली, तेव्हा हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने वारत फॉर्म भरत राहिले.

गर्दी पाहून धीर वाटतो, पण या प्रयोगात गर्दीनेच धोका झाकला. म्हणून पहिला उठणारा माणूस फार महत्त्वाचा असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस व इतर वाहनं अंधारात नदीत गेली. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एकाच्या ध्यानात आलं की पूल जागेवर नाही. रात्र, धो-धो पाऊस, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे. तो आणि त्याच्या बरोबरची माणसं रस्त्यावर उतरून गाड्या अडवायला लागली. कोणी सांगेल याची त्यांनी वाट पाहिली असती, तर आकडा आणखी वाढला असता.

६. घरची माणसं सोबत असतात तेव्हा

आता मुख्य मुद्दा. सहलीला माणूस एकटा नसतो.

२ ऑगस्ट १९७३ रोजी आयल ऑफ मॅन बेटावरच्या समरलँड या करमणूक केंद्राला आग लागली. तिथे सुट्टीला आलेल्या कुटुंबांची गर्दी होती. ५० जण मेले. जोनाथन साइम या ब्रिटिश संशोधकाने वाचलेल्यांच्या जबान्या तपासल्या. कुटुंब एकत्र असलेले लोक बहुधा एकत्रच बाहेर पडले होते. ज्यांची मुलं दुसऱ्या मजल्यावर खेळत होती, ते आईबाप दाराकडे न जाता गर्दीला उलटे कापत मुलांकडे गेले. जवळचा दरवाजा सोडून ओळखीच्या दरवाजाकडे जाणारेही होते. संकटात माणूस धोक्यापासून दूर पळण्याआधी आपल्या माणसांकडे जातो, असा याचा निष्कर्ष.

एकत्र राहण्याचा फायदा होतो. मुलं मागे राहत नाहीत, म्हाताऱ्यांना हात मिळतो. पण त्याला दोन बाजूंनी किंमत पडते. एक, संपूर्ण गटाचा वेग सर्वांत हळू माणसाइतका होतो, आणि सगळे जमेपर्यंत कोणीच निघत नाही. भर धोक्यात ‘चप्पल कुठाय’, ‘पर्स राहिली’, ‘बाबा कुठे गेले’ यात मिनिट जातं. दोन, वाहत्या पाण्यात घट्ट मिठी मारून उभं राहिलं की एकाचा तोल जाताच सगळे जातात. घोट्याच्या वर, १५ सेंटीमीटर वेगवान पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. पाच मिनिटांपूर्वी जिथे मुलं खेळत होती, तिथे बाप उभा राहू शकत नाही, तो यामुळे.

मायेपोटी माणूस किती उलटं पाऊल उचलू शकतो, हे १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या समुद्रात दिसलं. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. मदतीला पोचलेल्या सीआयएसएफच्या जवानांना दिसलं की काही आईवडील आपल्या मुलांना समुद्रात टाकायच्या बेतात आहेत. बोट बुडतेय, निदान मूल तरी कोणीतरी उचलेल, असा त्यांचा हिशोब. जवानांनी ओरडून त्यांना थांबवलं, धीर दिला आणि मुलांना आधी उतरवून घेतलं. त्या आईबापांना वेडं ठरवणं सोपं आहे. खरं तर त्यांना एका स्पष्ट आवाजाची गरज होती, आणि तो आवाज आल्यावर त्यांनी ऐकलं.

आणखी एक सापळा उडी घेण्याचा. बुडणाऱ्या मुलाला वाचवायला गेलेला मोठा माणूसच बुडतो, हे कोकणच्या किनाऱ्यांवर, नद्यांच्या डोहांवर वारंवार घडतं. ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड फ्रँकलिन आणि जॉन पर्न यांनी २०११ मध्ये अशाच घटनांचा अभ्यास मांडला. उडी घेणारा पाण्याची ओढ बघत नाही, फक्त आपलं मूल बघतो. दोरी, ओढणी, लांब काठी किंवा झाकण लावलेला रिकामा पाण्याचा कॅन फेकणं हे त्याहून कितीतरी पटींनी सुरक्षित, पण त्या क्षणी ते सुचत नाही.

आणि बुडणारं मूल बोलावतही नाही. अमेरिकी जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून पाहिलं. खरोखर बुडणारा माणूस ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, शरीर उभं, हात बाजूला पाणी दाबत राहतात. हे २० ते ६० सेकंद चालतं आणि मग तो खाली जातो. काठावर पाठ करून वडे खाणाऱ्या घरच्यांना काहीच कळत नाही.

७. ‘सगळं हळू घडत होतं’

वाचलेली माणसं हमखास सांगतात, गाडी घसरली तेव्हा वेळ थांबल्यासारखा झाला. खरंच मेंदू तेव्हा जलद पाहतो का? डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे तपासलं. माणसांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडलं. आपलं पडणं दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त वेळ चाललं, असं त्यांना वाटलं. पण पडताना मनगटावर भराभर बदलणारे आकडे त्यांना नेहमीपेक्षा जास्त चांगले वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी जादा वेळ मिळत नाही. नंतर आठवताना तो लांबलेला वाटतो, कारण भीतीत मेंदू बारीकसारीक सगळं नोंदवून ठेवतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की त्या वेळी सुचेल, यावर विसंबता येत नाही. सुचायला लागणारा वेळ घरून निघण्याआधीच खर्च करून ठेवावा लागतो.

८. निघण्याआधीची पाच मिनिटं

वैमानिक, अग्निशमन दल, डोंगरातले बचाव गट हेच करतात. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली सहलीची बस पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दरीत कोसळली, ३० जण गेले, एकच वाचला. झाडंझुडपं धरत वर येऊन त्यानेच फोनवरून खबर दिली. त्या दरीत उतरलेल्या महाबळेश्वर आणि पोलादपूर परिसरातल्या ट्रेकर्सचे हातपाय गळाले नाहीत, कारण दोर, गाठी आणि कोण कुठे उभं राहणार हे त्यांनी आधी शेकडो वेळा केलेलं होतं. कुटुंबाला एवढं लागत नाही. सहा गोष्टी पुरतात.

घरातला एकजण म्होरक्या ठरवा. त्याने ‘उठा’ म्हटलं की उठायचं, वाद नंतर. तो वयाने मोठा असायलाच हवा असं नाही; पाणी आणि डोंगर ज्याला कळतो तो असावा.

प्रत्येक मुलामागे एका मोठ्या माणसाचं नाव घ्या. ‘सगळे लक्ष ठेवताहेत’ याचा अर्थ कोणीच ठेवत नाही.

पाणी गढूळ झालं, आवाज वाढला किंवा काटक्या आल्या की बाहेर. बाकीचे पन्नास आत असले तरी. प्रवाहाच्या मध्यावरच्या खडकावर मुलांना नेऊच नका.

घाटात पाऊस असताना दगड पडलेले दिसले की त्यांच्या खाली थांबून व्हिडिओ काढू नका. दरड एकदाच येत नाही. मागच्या गाड्यांना इशारा देत, जमेल तसं मागे या. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका.

बोगद्यात शिरताना मुलांना खेळ म्हणून विचारा, ‘बाहेर जायचं दार कुठे दिसलं?’ धूर दिसला आणि गाडी पुढेमागे होत नसेल, तर इंजिन बंद करून, किल्ली गाडीतच ठेवून, सामान सोडून पायी निघायचं, हे एकदा मोठ्याने बोलून ठेवा.

फोनमध्ये ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन क्रमांक आजीलाही लावता येतील असे ठेवा. दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला, तर पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून पुढे निघून जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३४-अ नुसार, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती करता येत नाही.